पांढऱ्याचा कासरा

२१ ऑगस्ट, गुरुवार. पोळा उद्यावर आला होता आणि माझ्या मशीनशेजारी अजून नऊ झुली पडून होत्या. झूल शिवायला डोकं लागत नाही, मांड्या लागतात. बैलाच्या पाठीएवढं कापड, त्याला अस्तर, कडेला झालर, मध्ये आरशाच्या टिकल्या. सगळं मांडीवर पेलायचं आणि सुईखाली सरकवत राहायचं. वर्षभर मी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. श्रावण संपत आला की आठ दिवस बैलांची शिंपीण होते. बैल बाह्या घट्ट झाल्या म्हणत नाहीत, त्यामुळे हे आठ दिवस मला एरवी आवडतात. यंदा आवडले नाहीत.

दुपारी मंडळाचा अध्यक्ष आला. हा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा पोरगा, गावातल्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे. त्याच्या हातात केशरी कापडातून कापलेली वीतभर उंचीची अक्षरं होती.

"काकू, मानाच्या झुलीवर हे अक्षरं लावजा. एका अंगानं नाव, दुसऱ्या अंगानं 'अमर रहे'. मोठे दिसले पाह्यजे. वरून ड्रोन फिरनार आहे."

"बैलाईवर ड्रोन?"

"मंग काय! असा पोळा आपल्या इकडं झालाच नसंन."

नाव आमच्या गावच्या जवानाचं होतं. पंचविशीतला पोरगा, हिवाळ्यात सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळून गेला. त्याची पेटी आली त्या दिवशी धामणगाव बढ्यापासून आमच्या गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. घोषणांनी कान बसले होते. मला त्या दिवसातलं एकच नीट आठवतं. त्याची आई पुढे आली आणि तिनं लष्करी साहेबाला विचारलं, पेटी किती रुंद आहे? माझ्या घराचं दार लहान आहे. दार खरंच लहान होतं. पेटी अंगणात कडुनिंबाखाली ठेवली, दहा मिनिटांत पुन्हा उचलली आणि शाळेच्या मैदानावर नेली. घरात तो आलाच नाही.

तेव्हापासून गाव काही ना काही करतंच होतं. कमान झाली, चौकाला नाव झालं, शाळेत फोटो लागला. प्रत्येक कार्यक्रमात आईवडिलांना शाल आणि नारळ. नारळ खाऊन संपले, शालींचा ढीग झाला. त्याची आई एकदा मला म्हणालीही होती, "याचं काई शिवता येते काय व?" मी हसले होते. ती हसली नव्हती.

आणि आता पोळा. आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी जाते ती पाटलांची. त्यांची जोडी गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, म्हणजे बाकीचे बैल हलत नाहीत. यंदा म्हाताऱ्या पाटलांनी सभेत उठून सांगितलं, मान जवानाच्या घरच्या जोडीचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचे पंधरा दिवस गावात पाटलांच्या त्यागाची चर्चा होती. पोरगा गेला त्याच्यापेक्षा पाटलांनी काय सोडलं यावर लोक जास्त बोलत होते. पाटलांचा दोष नाही त्यात. त्यांनी मनापासूनच केलं होतं.

मी अक्षरं लावली. डबल शिलाई मारली, उद्या ओढाताणीत निघायला नकोत म्हणून. शेवटचं अक्षर होतंय तोच जवानाची आई हळदीची रिकामी वाटी घेऊन दारात आली. गावाच्या नात्यानं ती माझी मोठी जाऊ. मी तिला बाई म्हणते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, तिच्याकडे हळद कमी पडली होती.

तिनं मशीनवरची झूल पाहिली. अक्षरांवरून बोट फिरवलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे, वाचता येतं तिला.

"हे काढ."

"काढ म्हंजे?"

"उसव. नाव काढ माह्या पोराचं."

"बाई, मंडळानं सांगतलं तसं शिवलं म्या. उद्या चार वाजता बैल तोरनाखाली उभे राहतीन. आता कोठी उसवत बसू?"

"तू बैल पाह्यले का कधी?"

"हे काय इचारनं झालं?"

"उभा राहून राहून कटाळला का बैल बसते. पांढरा तं सगळ्याच्या आधी बसते. कोठी बसंन? तठीच, शेनात. अन् पाठीवर याचं नाव. वरून पोट्टे गुलाल फेकतीन. तुले दिसलं नाई?"

मला दिसलं नव्हतं. पंधरा वर्षं झुली शिवते, पुढल्या वर्षी दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांच्यावरचं वाळलेलं शेण मीच ब्रशनं काढते, आणि तरी दिसलं नव्हतं. अख्ख्या मंडळात एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि घरोघर बैल आहेत.

"अन् मले कोठी बसवनार हायेत?" तिनं विचारलं.

"स्टेजवर. खुर्ची आहे. साडी देनार आहेत तुमाले."

"शाली झाल्या, आता साडी. अन् पांढऱ्याले कोन धरंन?"

"अध्यक्ष अन् त्याचे पोट्टे."

ती हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं तिला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"पांढरा कोनाचं आयकत नाई व, माह्याशिवाय."

हे गावाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याचा डावा हात दोन वर्षांपासून लुळा आहे. पांढरा आणि त्याचा जोडीदार तेव्हा गोऱ्हे होते; पोरगा सुट्टीत येऊन त्यांना जू ओढायला शिकवून गेला आणि तेव्हापासून शेतातली डवरणी, वखरणी, गाडी सगळं हीच करते. तिच्या दोनच मागण्या होत्या: नाव बैलाच्या पाठीवर नको, आणि कासरा माझ्या हातातून काढू नका.

मी काय म्हणाले ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. "गावानं मान देला तं घ्या ना गुपचूप. दरवेळेस नाई म्हनून कसं जमंन?" मनात आठ झुलींचा हिशेब चालू होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, हळद न घेताच गेली.

त्यानंतर कामात लक्ष लागेना. दोन वेळा दोरा तुटला, एका झुलीला झालर उलटी लागली. मी उठले, हळद कागदात बांधली आणि तिच्या घरी गेले. दिवस मावळायला आला होता. तिचा नवरा खाटेवर बसून उद्याच्या पांढऱ्या सदऱ्याची घडी पाहत होता. ती गोठ्यात पळसाचं पान गरम तुपात बुडवून बैलाच्या खांद्यावर दाबत होती. मी हळदीची पुडी तिच्याजवळ ठेवली. तिनं पाहिलं नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "बाईले हे सगळं नको आहे. तुमी सांगा ना मंडळाले."

"म्या सांगू?" ते म्हणाले. "गावानं एवढं केलं. पाटलानं मान सोडला. कोन्या तोंडानं नाई म्हनू? देशाले पोरगा देला आपुन, तं एक दिवस बैल..."

"म्या नाई देला," ती गोठ्यातून म्हणाली.

"झालं सुरू."

"देला असता तं दोन हातानं देला असता. मले आठवलं असतं." ती वळली नाही, हात बैलाच्या खांद्यावरच. "तो नोकरीले गेला. त्याले आवडत होती. म्या लाडवाचा डबा देला अन् एष्टीत बसवून देलं. लाडू देले म्या. पोरगा नाई देला. मोठ्या कामात गेला म्हना, मी नाई कोठी म्हनते? पन देला देला म्हनून माह्या हाताचं नाव काऊन घेता?"

भाऊजींनी सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग ती पांढऱ्याच्या कानाशी वाकली आणि दरवर्षी घरोघर देतात तसं बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. आवाज अगदी रोजचा होता. मी घरी निघाले.

वाटेत तिचं बोलणं डोक्यातून जाईना. बलिदान हा शब्द मी सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकला होता की त्यात देणारा कोण आणि जाणारा कोण हे कधी पाहिलंच नव्हतं. भाषणात सगळेच देतात. गाव देतं, जिल्हा देतो, आई देते. त्या पोरानं जे दिलं तेही ठरवून दिलं नसणार; नेमून दिलेल्या जागेवर उभा होता, वरून कडा आला. जागा सोडली नाही, एवढं त्याचं. ते काही कमी नाही. पण त्यात आमचं काय होतं? आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो.

पोळ्याच्या सकाळी उठल्या उठल्या मी ब्लेड घेतलं आणि अक्षरं उसवायला बसले. डबल शिलाई माझीच, त्यामुळे शिव्या कोणाला द्यायच्या तोही प्रश्न नव्हता. पुरणाची डाळ शिजत होती, एक डोळा तिकडे. अक्षरं निघाली, सुईची भोकं राहिली. त्यावर आरशाच्या टिकल्या लावल्या.

बाराला अध्यक्ष आला. झूल उलटी केली, सुलटी केली.

"काकू, नाव?"

"काढलं."

"काढलं? तुमाले शिवाले देलं होतं का उसवाले?"

"बैल बसला शेनात अन् तुह्या ड्रोननं तेवढाच फोटो काढला, तं मंग? खाली शेन अन् वर 'अमर रहे'. जिल्हाभर दाखवशीन?"

त्यानं झुलीची घडी घातली. मग म्हणाला, "हे पह्यले काऊन नाई सांगतलं?"

"मले बी कालच समजलं."

"बरं. पन कासरा मीच धरनार. काकाचा हात असा, अन् मावशीची खुर्ची स्टेजवर आहे. पत्रिकेत छापलं आहे."

ते बदलायला माझ्याकडे ब्लेड नव्हतं.

चारला मारुतीच्या देवळासमोर दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. मागे शेपन्नास जोड्या, बेगड लावलेली शिंगं, घुंगरांचा आवाज, आणि त्या सगळ्यावर डीजे. सर्वांत पुढे जवानाच्या घरची जोडी. पांढरा उजवीकडे, त्याच्या तोंडाशी अध्यक्ष आणि मिलिटरी छापाचे टी-शर्ट घातलेले तीन पोरगे. त्यांच्या पुढे भाऊजी, कडक पांढऱ्या सदऱ्यात, उजव्या हातानं पोराचा फोटो छातीशी धरलेला. बाई स्टेजवर. मांडीवर नवी साडी, साडीवर नारळ. मी बायांमध्ये खाली उभी होते, आणि मला सारखं चुळबुळायला होत होतं. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

भाषणं लांबली. पाहुणे बोलले, त्यांच्यानंतर त्यांच्याबरोबर आलेले बोलले. बैल उभे. मागच्या जोड्या रेटायला लागल्या. तेवढ्यात ड्रोन वर गेला, भणभणत खाली आला, बरोबर पांढऱ्याच्या डोक्यावर. पांढऱ्यानं मान झटकली. एक पोरगा लांब फेकला गेला. अध्यक्ष कासऱ्याला लोंबकळला. पांढऱ्यानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, गुडघे मोडले आणि खाली बसला. होता तिथेच, शेणात.

"बैल उपोषनाले बसला बे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मागन्या इचारा त्याच्या!"

"अध्यक्षालेच झूल घाला, तो चालंन!"

हशा झाला. अध्यक्षानं माझ्याकडे पाहिलं, मग झुलीकडे. झुलीचा अर्धा भाग हिरवट झाला होता. त्यानं कासरा पुन्हा ओढला. पण बैल उठेना. ओढून झालं, चुचकारून झालं. एकानं शेपटाला हात घातला तर चार म्हातारे एकदम ओरडले. पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी लावत नाहीत, शेपूट पिळत नाहीत; वर्षातला एकच दिवस आहे तो त्यांचा. आणि पहिली जोडी गेल्याशिवाय बाकीच्यांना जाता येत नाही. सगळं गाव एका बसलेल्या बैलामागे अडकलं. मागे दोन जोड्या शिंगाला शिंग भिडवू लागल्या. बायांनी लेकरं कडेवर घेतली.

तेव्हा भाऊजींनी केलं ते मला वाटलं नव्हतं. ते मागे वळले आणि फोटो अध्यक्षाच्या हातात दिला.

"हे धर. दोन हातानं धर, काच आहे."

अध्यक्षाला कासरा सोडावाच लागला. भाऊजींनी तो उजव्या हातात घेतला, स्टेजकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतर वं. तुह्याशिवाय हा उठत नाई."

एवढ्या लोकांसमोर त्यांनी बायकोला हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. ती उतरली. साडी आणि नारळ माझ्या हातात कोंबला. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "तोरनाखाली बाईमानूस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आखाडभर ती डवरून राह्यली तवा नाई दिसलं बाईमानूस?" सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील आपल्या बैलाच्या शिंगाचं बेगड नीट करत म्हणाले, "उठवा बापा लौकर. मांगं जोड्या खोळंबल्या."

ती पांढऱ्याजवळ गेली, भाऊजींच्या हातातून कासरा घेतला. झूल त्याच्या पाठीवर नीट ओढली. "ऊठ. घरी पुरनाच्या पोया थंड्या होऊन राह्यल्या," एवढंच म्हणाली. बैल उठला. ते उठणं पाहून कोणाला काही थोर वाटलं असेल तर वाटो, मला तो रोज शेतात उठतो तसाच उठलेला दिसला. डोक्यावर पदर, नजर बैलाच्या पायाशी, ती तोरणाखालून गेली. थांबली नाही. फुलं टाकणाऱ्यांची फुलं मागच्या जोडीवर पडली. पोळा फुटला, मागे एकच गलबला झाला, तोवर ती जोडी घेऊन घराच्या गल्लीत वळली होती. भाऊजी तिच्यामागे, मोकळ्या हातानं.

संध्याकाळी मी तिची साडी आणि नारळ पोचवायला गेले. बैल जेवून झाले होते. मी कालच्या बोलण्याचं काही म्हणणार तेवढ्यात अध्यक्ष फोटो आणि मोबाईल घेऊन धावत आला.

"मावशी! काय चालून राह्यला व्हिडिओ! 'वीरमातेनं स्वतः हाती घेतला कासरा'. खाली गानं टाकलं म्या. संग्रामपूरकडच्या मंडळाचा फोन आला. उद्या सकाळी आठ वाजता जीप येते. बैल टेम्पोत, तुमी जीपमधी. तठी बी असंच कासरा धरून चालाचं, मंग सत्कार."

कासरा कसाबसा तिच्या हातात परत आला होता, आणि दोन तासांत तोही स्टेजवर जायला निघाला होता.

"उद्या मूग तोडाचा आहे," ती म्हणाली.

"मूग परवा तोडा ना."

"शेंगा फुटून राह्यल्या."

तो भाऊजींकडे वळला. भाऊजी पांढरा सदरा काढून बनियनवर बसले होते. "तिले इचार," ते म्हणाले. "म्या नाई बोलनार."

"काकू, तुमी समजावा. शब्द देऊन बसलो मी त्याईले."

"मले इचारून देला होता काय शब्द?" तिनंच उत्तर दिलं. आवाज चढला नव्हता, पण हात पदराला पीळ देत होते. त्याला ते दिसलं नाही. "येतीन ते सकाळी जीप घेऊन," असं मला हळूच म्हणून तो गेला. त्याला वाटत होतं, दारात जीप उभी राहिली, चार पाहुणे हात जोडून उतरले, की ती जाईल. आणि मला भीती होती की त्याचं खरं होईल. पाहुण्यांना दारातून परत पाठवायला लागणारा कोडगेपणा तिच्यात नाही. दरवेळी असंच झालं होतं.

"मूग किती राह्यला?" मी विचारलं.

"अर्धा एकर. उद्या कोनी मजूर येत नाई, पोळ्याची कर आहे."

"किती वाजता निघता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "उजाडलं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या, पाण्याची कॅन घेतली आणि साडेपाचला तिच्या दारात उभी राहिले. ती तयार होती. शेत नाल्याच्या पलीकडे आहे, जीप तिथवर जात नाही. दोघींनी शेंगा टाकायला पदराच्या ओट्या बांधल्या आणि एकेक ओळ धरली. आठ वाजून गेल्यावर माझा फोन वाजू लागला, अध्यक्षाचा. दोनदा वाजला. तिसऱ्यांदा मी तो बंद केला आणि पुढच्या झाडाची शेंग तोडली.